कार्बन

ती बराक एकमजली होती.
हे आधीच सांगते, कारण पुढे जिना येणार आहे.

उरुग्वे नदीच्या काठी, साल्तोच्या संत्र्यांच्या बागांमागे,
चुन्याने रंगवलेली, वर पत्रा.
मी तिथे टायपिस्ट. नेलिदा बेंतांकोर.
मिनिटाला साठ शब्द, खाडाखोड नाही,
नवरा अंथरुणाला खिळलेला,
म्हणून मला कोणी फारसं काही विचारलं नाही.
मीही विचारलं नाही.

जुलै होता. आमच्याकडे जुलैत थंडी असते,
येर्बाच्या कढत पेल्यावर बोटं शेकून मग कळांवर ठेवायची.
डॉक्टर बेर्रुती नवा होता,
दिसलं ते त्याने लिहून दिलं
आणि मी टाइप केलं:
विल्फ्रेदो ओलास्कोआगा, वय सव्वीस, रेल्वे वर्कशॉपात फिटर,
चौकशीच्या वेळी झालेल्या मारहाणीत

इथवर आले, तर खांद्यामागून कॅप्टन इरुलेगी वाचत होते.
"भाषा तटस्थ हवी, सेन्योरा.
आपण कोणाची बाजू घेत नाही."

मग शब्द निवडायला बसलो तिघं,
बाजारात टोमॅटो दाबून बघावेत तसे.
'मारला' नको, त्यात मारणारा उभा असतो, बूट घालून.
'मारला गेला'? तो फक्त दाराआड गेलाय,
श्वास ऐकू येतोच.
'मेला' फार उघडा.
'मरण पावला' पाशी डॉक्टर जरा थांबला,
जणू विल्फ्रेदोने अर्ज केला होता
आणि मंजूर होऊन पावती मिळाली.

शेवटी ठरलं: मृतावस्थेत आढळून आला.

सुरेख वाक्य. आत चिटपाखरू नाही.
विल्फ्रेदोसुद्धा नाही,
नुसतं आढळणं,
बसमध्ये विसरलेली छत्री आढळावी तसं.
आणि कारण?
जिन्यावरून पडल्याने.

मी वर पाहिलं. पत्रा.
कॅप्टननेही वर पाहिलं.
माझ्याकडून टाइप झालं.

झालं. बघा, ती भाषा मलाही आली.
घरी माझ्या हातून कप निसटला की मी म्हणायचे, फुटला.
नवऱ्याचं औषध द्यायचं राहिलं.
रात्री झोप लागली नाही.
कोणी लावली नाही, कोणी मोडली नाही.

तीन दिवसांनी त्याची आई आली, दोन्या इर्मा,
इस्त्रीचा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून.
पेटी सील केलेली होती. शर्ट तिच्या हातातच राहिला.
कागद तिने बोट ठेवून वाचला, हळू, ओठ हलवत,
आणि मग आवाजही न चढवता म्हणाली,
"तो जिना दाखवा मला.
बसते त्याच्यावर थोडा वेळ, आणि जाते."

शिपाई माझ्याकडे बघायला लागला.
मी यंत्रावरची धूळ पुसली.

कार्बन जाळायचा असा नियम होता.
काटकसरीची मी, दोन्ही मसुद्यांना एकच वापरला होता,
आणि संध्याकाळी तो कोटाच्या अस्तरातून घरी आला.
आला नाही. मी आणला.
उजेडाला धरला की दोन्ही ओळी दिसतात, एकीत एक अडकून:
'आढळून'च्या पोटात 'मारहाणीत',
काटा गिळलेल्या माशासारखी.

आता चौदा वर्षांनी एक मुलगी आलीय, टेपरेकॉर्डर घेऊन.
कागदावर तिचे प्रश्न छापलेले आहेत.
मी सुरू करते: त्या काळी असं लिहिलं जायचं,
वरून सांगितलं जायचं...
ती बटण दाबून टेप थांबवते.
"कोण, सेन्योरा?"

बाहेर संत्र्यांचा ट्रक वळतोय, गिअर करकरतोय.
मी कार्बन खिडकीच्या काचेला लावते,
बोटं काळी होतात, अजूनही होतात.

टाइप मी केलं.
कॅप्टन इरुलेगींनी सांगितलं, डॉक्टर बेर्रुतींनी सही केली.
मारणारे चार होते. दोघांची नावं मला येतात,
तिसऱ्याचं आडनाव फक्त.
थांब, आधी कॅसेट उलट.
ही बाजू संपत आलीय.